सात नंबरचा देव

वाशीम जिल्हा मोडला तेव्हा पळसघाटात कुणाला काही जाणवलं नाही. एकोणीसशे पाचच्या ऑगस्टात सरकारनं कागदावर रेघ मारली. वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला दिले, पुसद यवतमाळकडे टाकला. दसऱ्यापर्यंत वाशीमच्या कचेरीतले दफ्तराचे गठ्ठे बैलगाड्यांत भरून अकोल्याच्या रस्त्याला लागले होते. पळसघाटात ज्वारीचा भाव तोच राहिला. हद्दीपलीकडे निजामाची मोगलाई होती, तीही तिथंच राहिली. घाटावर निजामाचा करोडगिरीचा नाका होता, येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घेणारा. त्यावरचा जमादार मदनसिंग पूर्वीसारखाच दुपारभर झोपत राहिला.

घोटाळा झाला तो एवढाच, की वाशीमात जे गठ्ठे तीस वर्षं कुणी सोडले नव्हते, ते अकोल्यात कुणीतरी सोडले.

त्यात पळसघाटचे दोन नकाशे निघाले. एक जुना, मोजणीच्या गोऱ्या साहेबानं काढलेला. त्यात वऱ्हाड आणि मोगलाई यांच्यामधले पाच ते नऊ नंबरचे हद्दीचे दगड दोरी लावल्यासारखे सरळ उभे होते. दुसरा गेल्या सालचा, एका नव्या पटवाऱ्याचा, वाशीमात कुणी न उघडता गठ्ठ्याच्या दोरीत वरच खोचलेला. हा पटवारी बावीस वर्षांचा, प्रामाणिक आणि पायी हिंडणारा होता, त्यामुळे त्यानं दगड जिथं दिसले तिथंच दाखवले. त्याच्या नकाशात सात नंबरचा दगड तीन वावरं आत, वऱ्हाडाच्या बाजूला सरकला होता, आणि सरळ हद्दीला कोपर आलं होतं.

असे पटवारी एका गावात फार दिवस राहत नाहीत. त्याची बदली झाली, नकाशा मागे राहिला. पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मोजणीदार हेमसिंग साखळी, दोन शिपाई आणि ते दोन नकाशे घेऊन पळसघाटच्या चावडीत उतरला.

उकंडराव पाटलानं त्याला गूळ-पाणी दिलं आणि समोर बसला. उकंडराव पंचेचाळिशीचा. बाप रंगराव वारल्यापासून बारा वर्षं तो पाटील होता, आणि दर चैत्रात 'हद्दीची निशाणं जागेवर आहेत' या कागदावर सही करत होता. सही अशी, की बारा कागद एकावर एक ठेवले तर अक्षर अक्षरावर बसावं.

हेमसिंगानं दोन्ही नकाशे उलगडले. "पाटील, सात नंबर कुठे आहे?"

"आपल्या जागेवर हाये."

"कोणत्या?"

"जागा एकच असते, साहेब."

हेमसिंगाची नोकरी एकोणीस वर्षांची. असली उत्तरं त्यानं प्रत्येक तालुक्यात ऐकली होती. त्यानं गुळाचा खडा तोंडात फिरवला आणि सावकाश समजावून सांगितलं.

"असं बघा. उद्या दुपारी मी सहा नंबरपासून साखळी लावणार. सात नंबर जुन्या नकाशाप्रमाणे अंजनाच्या झाडाखाली मिळाला, तर मी 'निशाण जागेवर आहे' असं लिहीन आणि परवा कारंज्याला बहिणीकडे जेवीन. नाही मिळाला, तर दोनच गोष्टी. एक, दगड कुणीतरी हलवला. मग बारा वर्षं तुम्ही खोटी सही केली. पाटीलकी तुमच्या घरातून जाईल, वर फौजदारी. दोन, दगड हललाच नाही, वाशीमचा नकाशाच चूक. मग दगडाच्या पलीकडचं सगळं निजामाचं."

"दगडाच्या पलीकडं माहं घर हाये."

"मग तुम्ही निजामाचे. आणि निजामाच्या रयतेला वऱ्हाडात पाटील होता येत नाही."

उकंडरावानं नकाशातल्या कोपरावर बोट ठेवलं. त्याचं घर, गोठा आणि अठ्ठावीस एकर काळी जमीन त्या कोपरात बसली होती. मग तो म्हणाला, "तुमची जेवनाची वेळ झाली असन."

*

सात नंबरच्या दगडाला गावात सातोबा म्हणत. पैनगंगेनं, गावाच्या गंगेनं, फार मागे पात्र बदललं, जुनं पात्र कोरडं ठेवून ती मोगलाईतून वाहू लागली. नदी सरकली म्हणून राज्य सरकत नाही असं दोन्ही सरकारांनी ठरवलं आणि हद्द जुन्या पात्राच्या काठीच ठेवली. गोऱ्या साहेबानं तिथं दगड रोवले, माथ्यावर आकडे कोरले. बाकीच्या दगडांना म्हशी अंग घासू लागल्या. सात नंबरला मात्र रंगरावाची बहीण तुळसाबाई, जी सासर सोडून भावाकडे राहिली होती, तिनं पहिल्याच दिवाळीत शेंदूर लावला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. दगड आकडा होता हे सरकारला माहीत होतं, देव होता हे गावाला.

मग वीस वर्षांमागे मोठा पूर आला, पाणी जुन्या पात्रातून उलटं फिरलं, आणि पूर ओसरल्यावर सातोबा अंजनाखाली नव्हता. तो तीन वावरं वर, रंगरावाच्या निंबाखाली होता. देव स्वतः वर चढला असं लोक म्हणाले आणि नारळ फोडून मोकळे झाले. रंगरावानं खाली ओटा बांधला. तो वारल्यावर, आता तीन वर्षांमागे, वाटणी झाली तेव्हा ओट्याचाच धुरा, म्हणजे बांध, धरला. दक्षिणेकडचं, मोगलाईच्या बाजूचं, थोरल्या उकंडरावाला गेलं, उत्तरेकडचं धाकट्या जानरावाला.

म्हणजे आता सातोबा होता तिथं राहिला असता, तर हद्द दोन भावांच्या बरोबर मधून जात होती.

*

त्या दुपारी उकंडरावाच्या ओसरीवर सगळे जमले. तुळसाआत्या खांबाला टेकून वाती वळत बसली होती. ती आता पासष्टीची. वाटणीनंतर ती सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे जेवे, आणि दोन्हीकडे मीठ कमी आहे असं सांगे. चुलत भाऊ बापूराव आला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

जानराव म्हणाला, "देव काई हलला नाई. मी लहानपनापासून निंबाखालीच पाहून राह्यलो."

"तू पाह्यला असशीन," बापूराव म्हणाला. "मी तुह्यापेक्षा बारा वर्षं मोठा. मी अंजनाखाली पाह्यला. त्याच्या डोस्क्यावर बसून बोरं खाल्ली."

"देवाच्या डोस्क्यावर?"

"तवा थो देव नवता. नंबर होता."

"बापू," आत्या वातीवरून नजर न काढता म्हणाली, "मी शेंदूर लावला तवा तू पाळन्यात होता. बोरं खाले दात तरी होते काय तुले?"

दोघांचं म्हणणं ज्याच्या त्याच्या सोयीचं होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं. देव हललाच नाही, तर उकंडराव मोगलाईत जाणार आणि पाटीलकी सव्वीस वर्षांच्या जानरावाला मिळणार. देव हलवला असं ठरलं, तर पाटीलकी रंगरावाच्या घरातूनच जाणार, आणि मग बापूरावाशिवाय गावात दुसरा वारस नव्हता. पुराच्या दिवसाबद्दल खरं सांगू शकतील अशी दोनच माणसं उरली होती, आत्या आणि उकंडराव. आत्या वाती वळत होती, उकंडराव अडकित्त्यानं सुपारी कातरत होता.

शेवटी आत्यानं वातींचा जुडगा बाजूला ठेवला.

"उद्या पौर्निमा. देवाची आंघोळ हाये. दरसाल आपन गंगेचं पानी आनून घालतो. यंदा देवालेच गंगेवर नेऊ."

गंगेची वाट अंजनाखालून जात होती.

"आनं वाटंत जड झाला तं?" बापूरावानं विचारलं.

"झाला तं झाला. देवाच्या मनात काय हाये थे मी कसं सांगू."

पळसघाटात ही रीत होती. आंघोळीला निघालेला देव वाटेत जड झाला, तर तिथंच टेकवायचा आणि तीच त्याची जागा. मात्र जड झाला हे थोरल्यानं म्हणायचं नाही. थोरल्याच्या हातात तसंही सगळं असतं, निदान एवढं तरी नसावं, म्हणून जुन्या लोकांनी तो अधिकार धाकट्याला दिला होता. सगळ्यांनी जानरावाकडे पाहिलं. जानरावानं निंबाकडे पाहिलं.

"आंघोळ होईन," उकंडराव म्हणाला. "पन देव परत निंबाखालीच येईन. वाटंत टेकवाचा नाई."

"उकंड्या, पाटीलकी जाईन तुही."

"जाईन."

"आनं घर?"

"घर कुठी जाते, आत्या? घर तिथंच राह्यते. राजा बदलते."

जानरावाला भावाचा राग आला. त्याला स्वतःहून 'जड झाला' म्हणायची इच्छा नव्हती हे खरं, पण ते न म्हणायची लाज तरी आपल्याकडे असावी असं त्याला वाटत होतं. दादानं तीही ठेवली नाही. पाटीलकी न मागता चालत येत होती, आणि तिच्याकडे आनंदानं बघता येत नव्हतं.

*

दिवस कलताना करोडगिरीचा जमादार मदनसिंग आला. त्या दिवशी तो झोपला नव्हता. हद्द बदलणार हे त्याच्या कानावर गेलं होतं, आणि हद्द बदलली तर नाकाही हलवावा लागणार होता. दोन्ही घरांच्या मध्ये तो पावलं मोजत फिरला आणि जानरावाच्या मागच्या दारासमोर काठीनं एक रेघ ओढली.

"यहाँ नाके का डंडा लगेगा."

जानरावाची बायको मनकर्णाबाई घागर घेऊन निघाली होती. दोन्ही घरांची विहीर एकच, आणि ती रेघेपलीकडे होती. "मंग मी पान्याले कशी येऊ?"

"दिन में आना. सूरज डूबा, नाका बंद." असं म्हणून तो गेला.

विहिरीवर थोरली जाऊ प्रयागबाई पाणी ओढत होती. दोघी तीन वर्षं बोलत नव्हत्या. वाटणीत पाटा थोरल्या घरी गेला होता आणि वरवंटा धाकट्या घरी. दोघींनीही राहिलेलं अर्ध मंगरूळच्या बाजारातून विकत आणलं होतं, पण बोलणं काही आणलं नव्हतं.

मनकर्णाबाई दुपारपासून पाटलीण झाली होती. मनातल्या मनात. हळदीकुंकवाला पहिलं बोट तिच्या कपाळाला लागत होतं. त्या रेघेनं मात्र ते चित्र जरा बिघडलं.

"बाई," ती थोरल्या दिराबद्दल म्हणाली, "भासरे काहून आडून बसले? वाटंत देव टेकवला की सुटलं. घर राह्यते, पाटीलकी राह्यते."

"तुहा नवरा जड झाला म्हनीन काय?"

मनकर्णाबाईनं घागर काठावर टेकवली. "थे मले नाई मालूम. पन भासरे तं म्हनूच देऊन नाई राह्यले."

प्रयागबाईनं दोर गुंडाळला. "कोनाले सांगाचं नाई अशी सासऱ्याची शपथ हाये. पन तू तीन सालानं आज बाई म्हटलं." ती विहिरीच्या काठावर बसली. "पुराच्या साली तुहा नवरा सहा वर्षांचा होता. सतरा दिवस ताप. डोळे फिरवले होते त्यानं. वैद उठून गेला. बाहेर पूर, सातोबा गळ्यापर्यंत पान्यात. मामंजी तिथी जाऊन म्हनाले, माहं पोरगं उठव, मी तुले पान्याच्या बाहेर काढतो, पुन्हा पान्यात ठेवनार नाई. दुसऱ्या दिवशी पोरानं पेज मांगतली. मामंजीनं त्याच रात्री गाडी जुतली. मामंजी, आत्या आनं हे. तिघायनं देव वर आनला."

"हे म्हंजे भासरे?"

"हेच. सरकारी दगड हलवला, थो गुन्हा हाये, हे यायले पाटीलकी भेटली तवा समजलं. तवापासून दर चैत्रात खोटी सही करून राह्यले. आता समजलं काय, देव अंजनाखाली काहून नाई ठेवत? तिथी पूर येते. नवस मोडते. आनं नवस कोनाच्या जिवावर बोललेला हाये? तुह्या कुंकवाच्या."

मनकर्णाबाईची घागर अजून रिकामीच होती, तिच्या लक्षात आलं नाही. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. पाटलीण होणं इतकं सोपं का होतं, ते तिला आता कळलं होतं.

*

पौर्णिमेच्या सकाळी मनकर्णाबाईनं जानरावापुढं भाकर, ठेचा आणि वांग्याची भाजी ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. कुठं काही लपवलं नाही, कुठं काही चढवलं नाही. शपथ होती तेही सांगितलं आणि ती मोडली गेली तेही. दडपून ठेवलेल्या उपकारावर बसून पाटलीणपण मिरवणं तिच्यानं होणार नव्हतं.

जानराव जेवत राहिला.

"मले कोनी सांगतलं नाई," शेवटी तो म्हणाला.

"तुमाले सांगाचंच नवतं."

"दादानंही नाई?"

"भासरे कोनाले काय सांगतात?"

जानरावानं अर्धी भाकर आणखी घेतली. मग हात धुतले, मग पुन्हा धुतले. दारात जाऊन तो निंबाखालच्या ओट्याकडे पाहत उभा राहिला. सव्वीस वर्षांत तो त्या ओट्यावर बसला होता, झोपला होता, भावाशी वाटणीवरून तिथंच भांडला होता. "ठेचा तिखट झाला आज," असं म्हणून तो डोळे पुसत बाहेर पडला. ठेचा रोजचाच होता.

*

सातोबाला ओट्यातून काढायला तासभर लागला. जाड लाकडी पाट, त्याखाली दोन वासे आणि चार खांदे. पुढं उजवीकडे उकंडराव, डावीकडे जानराव; मागं बापूराव आणि बंजारा तांड्यावरचा सोमला, ज्याचा खांदा मजबूत म्हणून गाव त्याला प्रत्येक जड कामाला बोलावत असे. सगळ्यांच्या पुढं तांब्या घेऊन आत्या. मागं बायका, डफडं आणि निम्मं गाव.

जाताना अंजनाखाली कुणी नव्हतं. हेमसिंग अजून सहा नंबरपाशी शिपायांवर ओरडत साखळी सरळ करत होता. मिरवणूक जुनं पात्र ओलांडून नाक्यावर आली तेव्हा मदनसिंग बाहेर आला.

"क्या ले जा रहे हो?"

"देव," आत्या म्हणाली.

"कितने?"

"एक."

मदनसिंगानं विचार केला. जकातीच्या यादीत मीठ होतं, गूळ होता, कापूस होता. देव नव्हता. "वापस जाएगा ना?"

"त्याच्या मनावर हाये."

गंगेवर सातोबाला चोळून चोळून आंघोळ घातली. अडतीस वर्षांचा शेंदूर पापुद्र्या-पापुद्र्यांनी निघाला, आणि माथ्यावर स्वच्छ कोरलेला सात दिसला. गावातल्या तरण्यांनी देवाचा आकडा प्रथमच पाहिला. म्हाताऱ्या बायकांनी त्याला हात जोडले.

परत निघताना ऊन डोक्यावर आलं होतं. अंजनाखाली आता हेमसिंग घडीच्या स्टुलावर बसला होता. साखळी बरोबर त्याच्या पायापाशी संपत होती, आणि तिथं त्यानं लाकडी खुंटी ठोकली होती. नकाशाप्रमाणे सात नंबर खुंटीवर हवा होता. तिथं गवत होतं. हेमसिंगानं मांडीवर कागद घेतला होता आणि लेखणी अजून दौतीत बुडवली नव्हती.

मिरवणूक खुंटीपाशी आली. डफडं आपोआप मंदावलं. आत्या थांबली. उकंडरावानं मात्र पाय उचलला, खुंटी ओलांडली, आणि पुढं टाकला. त्याचा चेहरा चावडीत बसल्यासारखाच होता.

वासा पुढं सरकेना.

"चाल, जाना," तो बाजूला न पाहता म्हणाला.

"दादा, देव जड झाला."

"नाई झाला. चार मानसं हावोत. चाल."

"बापू, तुले काय वाटते?"

बापूरावाचं सगळं हित देव पुढं जाण्यात होतं. पण तो घामानं न्हाला होता आणि त्याचा खांदा सोलला होता. "मले तं नदीपासूनच जड हाये," तो खरं ते बोलून गेला.

उकंडराव आता जानरावाकडे वळला. आवाज खाली आणला. "तुले मालूम नाई, जाना. इथी पूर येते."

"मालूम हाये."

"काय मालूम हाये?"

"सगळं. ताप, नवस, गाडी. आज सकाळी समजलं."

उकंडरावानं वीस वर्षं जपलेली गोष्ट भावानं अशी भर उन्हात, वासा खांद्यावर असताना, बाजारभाव सांगावा तशी सांगितली.

"मंग तं तू बोलूच नोको," तो म्हणाला. "बाबाचा शबुद हाये. तुह्या जिवावरचा हाये."

"माह्याच जिवावरचा हाये ना? मंग मले बोलू दे." जानरावानं वासा खांद्यावर नीट घेतला. "देवानं त्याचं काम केलं. मी जिता हावो. बाबानं त्यायचं केलं. तू बारा सालं सह्या करून तुहं केलं. आता पुढचा पूर माह्याकडं. धाकट्यानं म्हनाचं असते, दादा. मी म्हनून राह्यलो. देव जड झाला."

सोमलाला मराठीतला हा वाद अर्धाच समजला होता, पण वजन पूर्ण समजत होतं. तो गुडघ्यात वाकू लागला. मागून बापूराव वाकला. जानराव वाकला. तीन खांदे खाली गेल्यावर चौथ्याला वर राहता येत नाही. उकंडरावही वाकला, आणि सातोबा जमिनीला टेकला.

हेमसिंग उठला. त्यानं स्वतः खुंटी उपटली, तिची माती झटकली आणि शिपायाच्या हातात दिली. त्या भोकावर त्यांनी खड्डा केला आणि दगड उभा रोवला. साखळी पुन्हा लावली. एक कडीही कमी-जास्त आली नाही.

"हा सकाळी कुठे होता?" हेमसिंगानं विचारलं.

"आंघोळीले," आत्या म्हणाली.

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आदी पारोसा होता, साहेब."

हेमसिंगानं दगडाकडे पाहिलं, मग वर, निंबाखालच्या रिकाम्या ओट्याकडे पाहिलं. 'निशाण जागेवर नाही' असं लिहिलं, तर एक प्रत अकोल्याला, एक अमरावतीला, एक नागपूरला आणि एक हैदराबादेला लिहावी लागली असती, आणि चारही ठिकाणांहून प्रश्न आले असते. बहीण कारंज्याला वाट पाहत होती. त्यानं लेखणी दौतीत बुडवली आणि 'आहे' असं लिहिलं. ते खोटंही नव्हतं.

"पाटील, सही."

मनकर्णाबाईनं बायकांच्या घोळक्यातून पुढं येऊन सातोबाच्या माथ्यावर ताज्या शेंदराचं पहिलं बोट ओढलं, आणि उरलेला शेंदूर प्रयागबाईच्या हातात दिला. आत्या अंजनाच्या बुडाशी बसून पाय दाबत होती. पुढच्या भादव्यात इथं पाणी येणार हे तिला ठाऊक होतं, आणि त्या भादव्यात आपण रोज जानरावाच्या घरी जेवायचं, पाळी कुणाचीही असो, हे तिनं ठरवूनही टाकलं होतं.

उकंडराव स्टुलापाशी उकिडवा बसला. जानरावानं दौत धरली. कागदावर तेच वाक्य होतं, बारा वर्षं होतं तेच: हद्दीची सर्व निशाणं आपापल्या जागेवर आहेत. उकंडरावानं ते एकदा वाचलं. मग समोरच्या दगडाकडे पाहिलं. मग पुन्हा वाचलं.

त्यानं लेखणी टेकवली. पहिलं अक्षर वाकडं गेलं, दुसऱ्यावर शाईचा थेंब पडून पसरला. हेमसिंगानं जुन्या सह्यांचे कागद पाहिले होते. त्याला आश्चर्य वाटलं.

"काय झालं, पाटील?"

उकंडरावानं बाहीनं कपाळ पुसलं.

"सवय नाई, साहेब," तो म्हणाला.